काळ्या लेखकांची भाषणं गावात ऐकवायची हायेत, सुरुवात कोणापासून करू?

पऱ्हाटी_दारव्हा: जय भीम मंडळी. आमच्या गावच्या अभ्यासिकेत ११ ते १४ एप्रिल व्याख्यानं असतात, यंदा अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची भाषणं ऐकवाची म्हणतो, समाजमंदिरात प्रोजेक्टर हाय. अडचण इंग्रजीची. दहावी-बारावीचे पोट्टे अन् दिवसभर वावरात राबून आलेल्या बाया बसतीन, त्याहिले भिडंन असं काय लावू?

वाचनवेडा_वणी: टोनी मॉरिसनचं १९९३ चं नोबेलचं भाषण. आंधळ्या म्हातारीले पोरं विचारतात, आमच्या हातातलं पाखरू जितं हाय का मेलेलं, ती म्हणते ते मले माहीत नाही पण ते तुमच्या हातात हाय. गोष्टच हाय, समजते.

कापूसकोंड्या: मॉरिसन ऐकवाच, पण पुढं त्या भाषेवर बोलतात ते पहिल्याच दिवशी जड जाते. आमच्या गावात मी जेम्स बाल्डविन लावलं होतं, फेब्रुवारी १९६५, इंग्लंडातल्या केंब्रिजले विल्यम बकली या गोऱ्या अमेरिकन लेखकासोबत वाद झाला होता, अमेरिकन स्वप्न तिथल्या काळ्या माणसाच्या जिवावर उभं हाय काय असा विषय, मतदान झालं तं ५४४ बाल्डविनच्या बाजूनं अन् १६४ विरोधात. त्यात तो म्हणते, कापूस मी वेचला, बाजारात मी नेला, रेल्वे मी बांधली, दुसऱ्याच्या चाबकाखाली, फुकटात. तिथं थांबवून मराठीत सांगितलं. मांग आमची काकू बसली होती, वेचणीवरून आलेली, बोटाले बोंडाचे ओरखडे तसेच. म्हणे, फुकटात म्हणजे किलोमांग काहीच नाही? म्हटलं काहीच नाही. थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मंग तीच म्हणे, परत लाव बरं तेवढं. इंग्रजीतच पुन्हा आयकलं तिनं, त्याच्या तोंडाकडं पाहत. म्हणून सांगतो, सबटायटलच्या भरवशावर सोडू नका, दर दोन मिनिटाले थांबवून सांगा.

मास्तर_उमरखेड: ११ तारीख म्हणजे जोतिबांची जयंती, त्यादिवशी फ्रेडरिक डग्लस घ्या ना. स्वतः गुलामीतून पळालेला माणूस, ५ जुलै १८५२ ले गोऱ्याहिलेच भर सभेत विचारते, तुमचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा? रेकॉर्डिंग नाही, तं एखाद्या पोरीकडून मराठीत वाचून घ्या. अन् जोतिबांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकायले अर्पण केली, ते पान त्याच्या आधी वाचा, धागा आपोआप जुळते.

पऱ्हाटी_दारव्हा: ठरलं, ११ ले डग्लस, १३ ले बाल्डविन. आमच्या आईलेही पुढंच बसवतो, तिनं चाळीस वर्षं कापूस वेचला. कापूसकोंड्या भाऊ, तुम्ही कुठं कुठं थांबवलं होतं ते लिहून पाठवता काय?