पांगाऱ्याच्या देठांवर गाठी: माशी कशी ओळखायची, छाटणी का फसते?

प्रश्न
पांगाऱ्याच्या कोवळ्या फुटीचे देठ सुजून वेडेवाकडे झालेत, पानं आकसून गळताहेत. ही क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी, म्हणजे गाठी करणारी चिमुकली गांधीलमाशीच ना? खात्री कशी करायची? शेजारच्या पळसालाही लागेल का? फवारणी आणि छाटणी दोन्ही केली, तर नव्या फुटीवर गाठी आणखीच वाढल्या.

रानपाखरू
पळसाची काळजी सोडा. ही माशी एरिथ्रिना या पांगाऱ्याच्या प्रजातीच्याच झाडांवर वाढते, पळस ब्युटिया प्रजातीतला. एरिथ्रिनातही सगळ्या जाती सारख्या बळी पडत नाहीत. पांगारा आणि हवाईतला विलीविली यांना जबर फटका बसतो, क्रिस्टा-गॅली या जातीचं नुकसान बरंच कमी.

माशी बाहेर पडल्याचं भोक नसलेली जून गाठ ब्लेडने कापा. आत प्रत्येक अळीची वेगळी कोठडी दिसेल. अळी पांढरी, बिनपायाची. उरलेल्या गाठी बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. तळाशी कोरडा टिपकागद हवाच, नाहीतर बुरशी धरते. बाहेर निघणारी मादी साधारण दीड मिलिमीटर, गडद तपकिरी, अंगावर पिवळ्या खुणा. नर लहान आणि फिकट. मात्र याच अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी माश्याही त्याच गाठींतून निघतात. त्यामुळे बाहेर पडली तीच गुन्हेगार असं धरू नका, रंग आणि आकार ताडून पाहा.

हिरवी फांदी
मादी अंडी कोवळ्या पानादेठांच्या आत घालते. अळी आणि कोष दोन्ही गाठीतच असल्याने वरवरचं स्पर्शजन्य औषध तिथवर पोचत नाही. पिढी जेमतेम 20 दिवसांत पुरी होते. छाटणीनंतर कोवळी फूट एकदम येते आणि माशीला नेमकी तीच हवी असते, म्हणून सरसकट छाटू नका. बाधित शेंडे भोकं पडण्याआधी काढा, लगेच जाड प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधा आणि कडक उन्हात ठेवा. झाडाखाली ढीग राहिला तर त्यातूनही माश्या निघतात.

रानपाखरू
हवाईत खोडात इमिडाक्लोप्रिड हे झाडात भिनणारं कीटकनाशक टोचून झाडं वाचवली गेली. पण झाड निष्पर्ण असताना औषध वर चढत नाही, आणि फुलण्याच्या सुमारास टोचलं तर मधमाश्यांना धोका. खोडावर मिरीचा वेल असेल तर हा उपाय नकोच. हवाईत 2008 मध्ये टांझानियातली युरिटोमा एरिथ्रिनी ही शत्रूमाशी सोडल्यावर मोठ्या झाडांवरचा प्रादुर्भाव बराच उतरला.

हिरवी फांदी
नवीन लागवडीसाठी जून, जाड, बिनपानांचेच खुंट घ्या आणि हिरवा शेंडा उडवा. गाठी एका जागेहून दुसरीकडे सहज जातात त्या या हिरव्या भागातूनच.