मदत हवी आहे: आमच्या प्लॉटमध्ये कुणीतरी पिकअप लावून गेलंय, हलवायची कशी?

चिंचेचं झाड (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी, डोकं खराब झालंय म्हणून लिहायलेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा. अंबाजोगाई-केज रोडला लागून आमचा एक प्लॉट आहे, पप्पांनी रिटायर झाल्यावर घेतलेला, रीतसर खरेदीखत, एनए, बॉण्डपेपरवरची गुंठेवारी नाही. तीन बाजूनं तारेचं कंपाउंड आहे अन् रोडकडची बाजू मोकळी, गेट बसवायचं बसवायचं म्हणत तेवढं राहिलंय. मी लातूरला असते, आई-पप्पा अंबाजोगाईत, त्यामुळं प्लॉटवर रोज कुणाचं जाणं होत नाही.

तर दिवाळीच्या आसपास तिथं एक पांढरी पिकअप येऊन उभी राहिली. आधी वाटलं टपरीवाल्याच्या ओळखीतला कुणी असेल, नेईल. नेली नाही. आता पुढचे दोन्ही टायर बसलेत, बंपरच्या खालून गाजरगवत वर आलंय, हौद्यात टमाट्याचे रिकामे क्रेट अन् फाटकी ताडपत्री. पुढची नंबरप्लेटच नाही, मागची आहे पण तिचा शेवटचा आकडा अर्धा उडालाय, १ आहे का ७ कळत नाही. पासिंग एमएच २३ म्हणजे बीडचं, आपल्याकडचं ४४ नाही. मागं मोठ्ठ्या अक्षरात 'आई येडेश्वरीची कृपा' लिहिलंय, आता आईनं कृपा करून मालकाला पाठवावं एवढंच.

रोडच्या कडेचा टपरीवाला म्हणतो की रात्री एक जण आला, सकाळी नेतो म्हणाला, चहा पिला अन् मोटारसायकलवर मागं बसून गेला. नाव-गाव काही विचारलं नाही त्यानं.

घाई कशाची तर बोअरची. पाणाड्यानं उन्हाळ्यात नारळ घेऊन फिरून जिथं चुन्याची फुली मारली होती ती फुली बरोब्बर त्या गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधी आलीय. (पाणाड्यावर कुणाचा किती विश्वास ते इथं नको, पप्पांचा आहे, विषय संपला.) तमिळनाडूच्या मशीनचा एजंट दर दोन दिवसाला फोन करतो की मशीन केजपर्यंत आलंय, लावू का? अन् मशीन म्हणजे एक गाडी नसते, बोअरची वेगळी अन् पाइप-रॉडची वेगळी, दोन्ही आत वळायला पाहिजेत.

पप्पा ठाण्यात जाऊन आले. तिथले म्हणाले खाजगी जागेत आहे, आमचा विषय नाही, तुम्हीच बघा. आईला वेगळीच भीती, गाडी अशीच राहिली तर पुढं तो माणूस ताबा सांगेल का म्हणून. काय करावं? ओढून रोडवर लावली तर चालतं का?

बाराभानगडी:

ताई, लै विचार करू नका. जेसीबीवाल्याला हजार-पाचशे द्या, पट्टा लावून रोडच्या कडेला ओढून ठेवा, मग ती सरकारची डोकेदुखी. आमच्या गल्लीत असंच केलं होतं.

गॅरेजवाला:

बाराभानगडी भौ, गाडी गिअरमधी अन् हँडब्रेकवर असंल तर जेसीबीनं ओढल्यावर गिअरबॉक्सचं काय होतं माहितंय का? उद्या मालक आला तर म्हणंल गाडी चालू कंडिशनमधी होती, ह्यांनी मोडली. ताईंनी सिद्ध कसं करायचं?

ताई, आधी गाडी कुणाची ते काढा. काच फोडू नका, दार उचकटू नका, बाहेरूनच लै कळतं. एक, प्लेटवर आकडा उडालाय तर दोन्ही नंबर एमपरिवहन ॲपमधी टाकून बघा. मालकाचं नाव फुल्या मारून दिसतं पण गाडीचा प्रकार, इन्शुरन्स, फिटनेस कधी संपलं ते येतं. एक नंबर स्कूटीचा निघंल, दुसरा मालवाहूचा, म्हणजे झालं. दोन, चासी नंबर. तो चासीच्या पट्टीवर ठोकलेला असतो, मातीनं बुजलेला, ओल्या फडक्यानं पुसून मोबाइलची बॅटरी आडवी धरा म्हणजे अक्षरं उठून दिसतात. सतरा आकडे-अक्षरं असतात, फोटो काढून ठेवा. तीन, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात फायनान्सचं स्टिकर आहे का बघा.

चिंचेचं झाड:

स्टिकर आहे!! म्हणजे होतं, कुणीतरी ब्लेडनं खरवडलंय, पण कंपनीच्या चिन्हाचा एक कोपरा अन् खाली लोनचे दोन-तीन आकडे राहिलेत. अन् तुमचं खरं निघालं, १ टाकल्यावर स्कूटी आली, ७ वर मालवाहू. इन्शुरन्स मागच्या साली संपलाय. एचपी (फायनान्सचा बोजा) चढलेली दिसतेय.

काळीमाती:

स्टिकर खरवडलंय म्हणल्यावर समजून जा. हप्ते थकले की सीझिंगवाले पोरं मागं लागतात, मग माणूस गाडी घरी ठेवत नाही. पाहुण्याच्या शेतात, ओळखीच्या गोठ्यात, नाहीच जमलं तर तुमच्यासारख्या मोकळ्या प्लॉटमधी. आमच्या भागात ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर असाच एका सोयाबीनच्या रानात कडब्याखाली झाकून ठेवला होता. टोळी उचल घेऊन पळाली, कारखान्याचे पैसे अंगावर आले, हप्ता कुठून भरणार. मी काही त्याची बाजू घेईना, पण चोरच असंल असं धरून चालू नका, माणूस अडचणीतला असू शकतो. तुमचा त्रास खराच आहे ती गोष्ट वेगळी.

रिकामटेकडा:

मी म्हणतो भाडं लावा. रोजचे दोनशे, चाकाला साखळदंड, पैसे दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

कोर्टकचेरी:

धागा उशिरा बघितला. प्रॅक्टिस लातूरला, एक-एक घेतो.

रोडवर ओढून ठेवणं: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२७ सार्वजनिक जागेसाठी आहे, दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असलेली गाडी वर्दीतला पोलीस अधिकारी उचलायला सांगू शकतो. बाराभानगडींच्या डोक्यात बहुतेक हेच असणार, की रोडवर आली की टोइंग लागू. पण रोडवर ती आणली कुणी? तुम्ही. आता गाळपाचा हंगाम आहे, रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चाललेत, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. एखादा मोटारसायकलवाला ट्रॅक्टरला चुकवायला गेला अन् तुमच्या ह्या पिकअपवर आदळला तर इन्शुरन्स संपलेल्या गाडीचं लोढणं तुमच्या गळ्यात. त्या कायद्याचं कलम १२२ धोकादायक जागी गाडी सोडण्यावरच आहे. नको.

साखळदंड अन् भाडं: भाडं ठरलेलं नाही, करार नाही, मग भाडं कसलं? उलट करार कायदा १८७२ चं कलम ७१ बघा, दुसऱ्याची वस्तू सापडून ती तुम्ही ताब्यात घेतली की ती सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते. आत्ता गाडी फक्त तुमच्या जागेत उभी आहे, साखळी लावली की तुम्ही ती ताब्यात घेतली. बॅटरी गेली, स्टेपनी गेली, तुम्हाला विचारणार. शिवाय पैसे दिल्याशिवाय सोडत नाही म्हणलं की समोरचा खंडणीची तक्रार घेऊन ठाण्यात आधी पोचतो, असली भांडणं मी बघितलीत.

आईंची भीती: ताबा असा गाडी लावून लागत नाही. विरुद्ध ताब्यासाठी मुदत कायदा १९६३ प्रमाणे बारा वर्षं, तीही उघड अन् मालकी नाकारून वापर पाहिजे. रात्री सोडून पळालेल्या गाडीनं काही होत नसतं. तरी तारखेसहित फोटो ठेवा अन् ते गेट लावून टाका.

पोलीस: 'खाजगी जागेत आहे, आमचा विषय नाही' हे अर्धंच खरं. टोइंगचं कलम चालत नाही हे बरोबर. पण चोरीची असल्याचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू पोलीस जप्त करू शकतात, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १०२, आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १०६. ह्यात जागा खाजगी का सरकारी असा फरक नाही. पुढची नंबरप्लेट काढलेली, स्टिकर खरवडलेलं, मालकाचा पत्ता नाही, संशयाला एवढं पुरतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ मध्ये बेवारस मालमत्तेची तरतूद आहे, कलम ८२. जप्तीनंतर मालक सापडला नाही तर जाहीरनामा निघतो, सहा महिने वाट बघतात, मग पुढची विल्हेवाट. ते ठाण्याच्या आवारात होऊ द्या, तुमच्या प्लॉटमध्ये नाही.

त्यामुळं पप्पांनी तोंडी बोलून यायचं नाही. साधा अर्ज करा, दोन प्रती. प्लॉटचा गट अन् प्लॉट नंबर, खरेदीखताची झेरॉक्स, गाडी कधीपासून आहे, कुणी सोडली माहीत नाही, गाडीचा नंबर जसा दिसतो तसा, चासी नंबर, फोटो. शेवटी विनंती दोनच: गाडी चोरीची आहे का ते तपासावं आणि पंचनामा करून जागेवरून हलवावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही-तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. नाहीच दिली पोच तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं ठाण्याला अन् एक प्रत एसपी ऑफिसला. तपासाचं काय व्हायचं ते होईल, पण उद्या ती गाडी कुठल्या लफड्यात निघाली तर 'आम्ही अमुक तारखेला कळवलं होतं' हा कागद तुमच्याकडं पाहिजे.

फायनान्स कंपनीलाही त्याच नंबरावरून कळवा, पण अर्जाची पोच हातात आल्यावर.

चिंचेचं झाड:

वकीलसाहेब लै उपकार झाले. पप्पा अर्ज घेऊन गेले, ह्या वेळी ठाणे अंमलदार दुसरे होते, त्यांनी वाचला, शिक्का मारला, वर म्हणाले काका एवढं व्यवस्थित लिहून कुणी आणत नाही. बीट जमादार येऊन फोटो काढून गेले, चासी नंबर लिहून नेला. चोरीची तक्रार नाही म्हणे कुठं. जप्त करा म्हणलं तर ठाण्यात आधीच गाड्या मावेनात, जागा कुठंय, बघतो म्हणाले. ते पण खरंय, तिथं आवारात मोटारसायकलींवर वेल चढलेत.

पोच मिळाल्यावर फायनान्सवाल्यांना फोन केला तर ते जणू फोनचीच वाट बघत होते. दुपारपर्यंत दोन पोरं मोटारसायकलवर हजर, मागं क्रेन. कंपनीचा शर्ट नाही, कागद नाही, नुसतं मोबाइलमध्ये लोनचा नंबर दाखवायलेत अन् म्हणतात ताई आत्ता नेतो, तुमची पण कटकट मिटली. मी नेमकी तेव्हा प्लॉटवर होते. मोह झाला हो, एजंटचा फोन वाजतच होता. पण थांबा म्हणलं, विचारते. ते रोडवर चहा पित बसलेत. काय सांगू?

कोर्टकचेरी:

नेऊ देऊ नका. निदान आत्ता नाही.

गाडी त्यांचीच असेल, पण आलेली पोरं त्यांचीच आहेत हे कशावरून? वसुली एजंटकडं कंपनीचं अधिकारपत्र अन् ओळखपत्र असलं पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवाय गाडी ताब्यात घेण्याआधी संबंधित ठाण्याला लेखी कळवतात. तुम्ही आधीच अर्ज दिलाय, म्हणजे ठाण्याला ही गाडी माहीत आहे. त्यांना म्हणा तिघं मिळून ठाण्यात जाऊ, जमादारांसमोर पत्र द्या, मग खुशाल न्या. खरे असतील तर अर्ध्या तासात पत्र मागवतील. नसतील तर चहा पिऊन जातील.

काळीमाती:

अन् ताई एकट्या थांबू नका, पप्पांना नाहीतर शेजारच्या कुणाला बोलवून घ्या.

चिंचेचं झाड:

खरे निघाले. शाखेतून माणूस आला, पत्र, ओळखपत्र सगळं, ठाण्यात नोंद केली. त्यांच्याकडून कळलं की कर्जदार बीडकडचा आहे, टमाट्याचा भाव पडला तेव्हापासून हप्ते बंद अन् फोन बंद. काळीमाती, तुमचंच खरं. उद्या सकाळी क्रेन आणणार आहेत. शेवटचा प्रश्न, गाडी गेल्यावर तो माणूस माझ्या दारात आला तर? आई आतापासूनच तेच घोकायली.

कोर्टकचेरी:

नेताना त्यांच्या लेटरहेडवर ताबा पावती घ्या: तारीख-वेळ, चासी नंबर, गाडी कोणत्या अवस्थेत नेली, नेणाऱ्याचं नाव-सही, दोन साक्षीदार, त्यातला एक तुमचा टपरीवाला चालेल. पावतीचा फोटो जमादारांना पाठवा. तो माणूस आला तर वाद घालू नका, पावतीची झेरॉक्स द्या, गाडी कुणाकडं आहे ते त्यात लिहिलेलंच असेल.

गॅरेजवाला:

अन् पावतीवर नुसतं 'एक पिकअप' लिहून देतील, तसं घेऊ नका. चारी टायर, स्टेपनी, बॅटरी आहे का नाही, ताडपत्री, अन् हौद्यातले क्रेट मोजून आकडा टाका. भांडण गाडीवरून होत नाही, क्रेटवरून होतं. क्रेट बहुतेक मार्केटच्या अडत्याचे असणार, ते मागायला तो येईलच.