२६ टक्के म्हणजे नक्की किती? रिसर्च पेपरमधले आकडे कसे वाचायचे?

रानजाई:
पाळी जाऊन वर्ष झालं, पण रात्री घामाने उशी भिजते, झोप नाही. डॉक्टरांनी हॉर्मोन थेरपीचा पर्याय सांगितलाय पण घरचे घाबरलेत, कारण नेटवर जिथे बघावं तिथे 'ब्रेस्ट कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो'. म्हणून मूळ पेपरच काढला, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा, २००२ चा, अमेरिकेतला. त्यात हॅझार्ड रेशो १.२६ आणि पुढे कंसात १.०० ते १.५९. मी कॉमर्सवाली, टक्के कळतात पण हे कंसातलं झेपत नाहीये. शंभरातल्या २६ जणींना कॅन्सर होतो असं आहे का हे? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

अनुजा_के:
नाही हो ताई, शंभरात २६ अजिबात नाही! हॅझार्ड रेशो १.२६ म्हणजे औषध घेणाऱ्यांतला धोका न घेणाऱ्यांच्या साधारण १.२६ पट. २६ टक्के वाढ, पण कशावर, ते आधी शोधायचं. त्याच पेपरमध्ये दिलंय बघा, १०,००० बायका एक वर्ष धरल्या तर प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्यांत ३० जणींना आणि औषध घेणाऱ्यांत ३८ जणींना कॅन्सर झाला. म्हणजे ८ जास्त. ३० वर ८ म्हणजे तेच ते साधारण २६ टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत पण हेडलाइनमध्ये २६ टक्केच येतो आणि बायका वर्षानुवर्षं घाबरून राहतात, याचा मला फार राग येतो. अर्थात ८ म्हणजे काहीच नाही असंही समजू नका. सरासरी ५.२ वर्षांत औषधाच्या गटात ८,५०६ पैकी १६६ केसेस, प्लासिबोत ८,१०२ पैकी १२४, म्हणजे हजारी साधारण ४ जास्त.

संख्या_नाशिक:
कंसातलं मी सांगतो. तो ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. हीच ट्रायल दुसऱ्या तेवढ्याच बायका घेऊन केली असती तर नेमकं १.२६ आलं नसतं, थोडं इकडेतिकडे झालं असतं, म्हणून ते रेंज देतात की खरा परिणाम साधारण इथून इथपर्यंत असू शकतो. १ म्हणजे दोन्ही गटांत काही फरक नाही, आणि इथे खालचं टोक बरोबर १.०० ला टेकलंय.
आता खरी गंमत पुढे आहे. त्यांनी एकच गोष्ट नाही तपासली, हार्ट, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या, फ्रॅक्चर असं बरंच काही, आणि ट्रायल चालू असताना डेटा पुन्हा पुन्हा बघितला. जितक्या वेळा बघाल तितकं योगायोगाने काहीतरी सापडतंच. ते धरून त्याच पेपरमध्ये दुसरा इंटरव्हल दिलाय, ०.८३ ते १.९२. यात १ आत आलाय. पण म्हणून 'धोका नाही' हे सिद्ध होत नाही, वरचं टोक जवळजवळ दुप्पट आहे ना! एवढंच म्हणता येतं की हा आकडा पक्का नाही.
अशा पेपरमध्ये पी-व्हॅल्यू नावाचा आकडाही दिसतो, त्याचाही असाच चुकीचा अर्थ लावतात. ०.०५ म्हणजे निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता ५ टक्के, असं भलेभले सांगतात, ते बरोबर नाही. औषधाने काहीच फरक पडत नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, इतकाच तिचा अर्थ.

अनुजा_के:
आणि ताई, ट्रायलमध्ये कोण होतं तेही बघा. वय ५० ते ७९, सरासरी ६३, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, तुमच्यासारख्या नुकत्याच थांबलेल्या कमी. सगळ्यांना गर्भाशय होतं, आणि नुसत्या इस्ट्रोजेन हॉर्मोनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून त्याबरोबर प्रोजेस्टिन हे दुसरं हॉर्मोन. गर्भाशय काढलेल्यांची वेगळी ट्रायल होती, नुसत्या इस्ट्रोजेनची, तिचा पेपर २००४ चा, त्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला नाही. फक्त कॅन्सरची ओळ वाचून थांबू नका, खुब्याचं हाड मोडणं वर्षाला १०,००० मागे १५ वरून १० वर आलं, पण फुफ्फुसातल्या गुठळ्या ८ च्या १६ झाल्या.

रानजाई:
बापरे, किती छान सांगितलंत दोघांनी! माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता, मग ते ३० माझ्यासाठी पण ३०च धरायचं का?

संख्या_नाशिक:
नाही. ते ३० त्या अमेरिकन बायकांचं. भारतात एकूण प्रमाण त्याहून कमी आहे, पण मावशीचं वय काय होतं, अजून कोणाला होता का, यावर तुमचा मूळ धोका बदलतो. डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि टक्क्यांत नको, 'माझ्यासारख्या हजार जणींत किती' असंच विचारा.