पुन्हा उद्भवलेल्या गाठीत आयोडीन-१२५चे दाणे

मानेला एकदा पूर्ण मात्रेचे रेडिएशन झाले की पुन्हा आलेल्या कर्करोगाच्या गाठीसाठी किरणोपचाराची वाट बंदच होते, असे म्हटले जाते. ते सरसकट खरे नाही. टायटॅनियमच्या जेमतेम साडेचार मिलिमीटर लांब कुपीत बंद केलेले आयोडीन-१२५ या किरणोत्सारी मूलद्रव्याचे दाणे सीटी स्कॅनच्या आधाराने पोकळ सुईतून थेट गाठीत रोवता येतात. त्यांची किरणे क्षीण असल्याने आजूबाजूच्या पेशींना तुलनेने कमी झळ पोहोचते, आणि अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे ६० दिवसांचे असल्यामुळे मात्रा कित्येक महिने हळूहळू मिळत राहते. चीनमध्ये ही पद्धत बरीच रुळली आहे. मात्र गाठ कॅरोटिड धमनीला (मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) चिकटलेली असल्यास, आधीच किरणे सोसलेल्या त्या भागात रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. माझ्या मते डॉक्टरांना पहिला प्रश्न त्याविषयीच विचारावा.