केंटच्या ग्रामर स्कूलची प्रवेशपरीक्षा : वडोदऱ्यात राहून तयारी

प्रश्न : यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही दांडिया बाजारातले बिऱ्हाड मार्चमध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात हलवणार आहोत. मुलगी तेव्हा दहा वर्षांची असेल. तेथील ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांच्या, प्रवेशपरीक्षेसाठी तिची तयारी कशी करावी?

उत्तर १ : परीक्षा तेथील सहावीच्या आरंभी, सप्टेंबरमध्ये होते, नावनोंदणी मात्र जूनमध्येच करावी लागते, त्यामुळे पोहोचताच पहिले काम ते करावे. निकाल ऑक्टोबरमध्ये लागतो आणि शाळांचा पसंतीक्रम ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. उत्तीर्ण झाले की जागा मिळालीच, असे नाही. बऱ्याच शाळा घराचे अंतर पाहतात, तेव्हा भाड्याचे घर ठरवण्यापूर्वी प्रवेशाचे नियम वाचावेत.

उत्तर २ : गणित आपल्याकडच्या मुलांना सहसा जड जात नाही. खरी अडचण इंग्रजी उताऱ्यांची आणि तर्कक्षमतेच्या प्रश्नांची, कारण शब्दातील प्रत्येक अक्षर दोन घरे पुढे सरकवून सांकेतिक शब्द ओळखणे, असले प्रकार शाळेत शिकवत नाहीत. रोज अर्धा तास घड्याळ लावून सराव घ्यावा. महागड्या शिकवणीपेक्षा इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३ : गुण वयानुसार समायोजित होतात, म्हणून वर्गातील लहान मुलांचे त्यात नुकसान होत नाही.