पोफळींच्या मुळात औषध ओतलं, आता पाला कुजेना

कुळागरी_सत्तरी:
वाळपईजवळ आमचं लहानसं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी जूनमध्ये खालच्या दोन ओळींच्या मुळांत क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतलं. खरं सांगतो, डब्यावरच्या मापापेक्षा सढळ हातानं. हुमणी हटली. पण दसरा आला तरी तिथल्या झावळ्या अख्ख्याच. वरच्या ओळींत बोट घातलं की चहाच्या चोथ्यासारखा भुगा. पाला उचलला की पांढरे कण टुणकन उडायचे, तेही खाली दिसत नाहीत. बाबा म्हणतात, "पिसवा गेल्या, बरं झालं." याचा त्याच्याशी काही संबंध?

निवृत्त_मास्तर:
पिसवा नव्हेत त्या, स्प्रिंगटेल! पोटाखाली दुमडलेली शेपटी चाप सुटावा तशी सुटते. ते बुरशी खातात, कुजका पाला कुरतडतात. क्लोरपायरीफॉस मज्जातंतूंतलं एक एन्झाइम बंद पाडतं आणि ते एन्झाइम हुमणीत तसं यांच्यातही असतं. शिवाय हे औषध कुजलेल्या पाल्याला, मातीला घट्ट चिकटून वरच्या थरातच राहतं, म्हणजे नेमकं यांच्या घरात. सगळी औषधं सारखी नव्हेत हं. डीडीटीच्या काळात त्यांना खाणारे माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव) मेले आणि स्प्रिंगटेलच वाढले होते.
खात्री करायची तर दोन्हीकडची मूठमूठ माती पाण्यात ढवळा. यांच्या अंगाला पाणी लागत नाही, वर तरंगतात.

फोंड्याची_बाय:
मास्तर, थांबा. पाट कुठून जातो ते आधी विचारा. खालची ओळ कोरडी असेल तर पाला औषधाविनाही कुजत नाही. आणि भाऊ, पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, ते तेव्हाच वेचायचे. आमची पोरं बालदीभर गोळा करतात. शेणखतात मेटारायझियम मिसळून घालतो, ती बुरशी हुमणीला धरते. पण धीर लागतो, औषधासारखं आठवड्यात दिसत नाही.

कुळागरी_सत्तरी:
बाय, पाट खालूनच जातो, ओल तिथे जास्तच. आज आईच्या दोन वाट्या घेऊन करून पाहिलं. वरच्या मातीच्या वाटीत इतके तरंगले की मोजताना चुकलो. खालच्यात तीन. बाबा चष्मा लावून दहा मिनिटं बघत होते. मग म्हणाले, "उरलेला डबा गोठ्यात ठेवू नको." आईला वाट्या परत नकोत, नवीन आणायला सांगितल्यात.