मॉसमधला कवचधारी अमीबा: आर्सेला की सेंट्रोपिक्सिस?

डिचोलीकर: विहिरीच्या चिऱ्यांवरचं मॉस पाण्यात पिळून, गाळून पाहिलं. तपकिरी, जवळजवळ गोल कवच, व्यास 120 मायक्रोमीटर. तोंड गोल, पण मधोमध नाही. काटे नाहीत. सगळी कवचं रिकामीच. हे आर्सेला (कवचधारी अमीबाची एक प्रजाती) म्हणावं का?

गाळणी: तोंड खरंच एका बाजूला असेल तर नाही, मग सेंट्रोपिक्सिस ही दुसरी प्रजाती धरा. पण तिरकं पडलेलं आर्सेलाही तसंच दिसतं, म्हणून आधी ते लोळवा. स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांखाली व्हॅसलिनचे ठिपके (नाहीतर कवच चिरडतं), मग सुईच्या टोकाने कव्हरस्लिप किंचित सरकवा. कडेने पाहिलं की आर्सेला घुमटासारखं, तोंड तळाच्या मध्यात आत वळलेलं. सेंट्रोपिक्सिस तोंडाकडे चपटं आणि मागे फुगीर.

रंगावर जाऊ नका. आर्सेलाचं नवं कवच बिनरंगी असतं, लोह-मँगनीज साचून तपकिरी होतं.

उलटा_थेंब: मला पृष्ठभाग जास्त भरवशाचा वाटतो. 40x वर फोकस हळूहळू वरखाली करा: आर्सेलावर एकसारखी बारीक जाळी, सेंट्रोपिक्सिसवर वेडेवाकडे खनिजकण. शंका उरली तर पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे घ्या, एक दिव्यावर, एक आयपीसवर, एकमेकांना काटकोनात. क्वार्ट्‌झचे कण काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. आर्सेलाचं कवच सेंद्रिय, ते अंधारातच राहतं. स्लाइड काचेचीच हवी, प्लास्टिक स्वतःच उजळतं.

डिचोलीकर: कण चमकले, कडेनेही पुढे चपटं आहे. मग काटे नाहीत म्हणून अ‍ॅक्युलिआटा (सेंट्रोपिक्सिसची काटेरी जात) बाद?

गाळणी: लगेच नाही. त्या जातीत काट्यांची संख्या बदलते, शिवाय काटे मोडतातही. वीस-तीस कवचांची लांबी, रुंदी, उंची आणि तोंडाचा व्यास मोजा. तोवर वहीत ‘सेंट्रोपिक्सिस एसपी.’ (म्हणजे जात ठरलेली नाही) एवढंच. एका कवचावरून जात ठरवणं म्हणजे निव्वळ हौस!

उलटा_थेंब: जिवंत अमीबा हवे असतील तर चवथीआधीचं (गणेशचतुर्थीआधीचं), पावसात भिजलेलं मॉस घ्या. पाय (छद्मपाद) बोटांसारखे जाड निघाले तर या दोघांपैकी कुणीही असेल. दोऱ्यासारखे बारीक असतील तर युग्लिफा किंवा ट्रायनेमा या दुसऱ्या कवचधारींकडे वळा. सुक्या मॉसमधल्या कवचांत हवा अडकून ती काळी दिसतात, रात्रभर भिजवून मगच पाहा.